जुनी केस आणि शाळेतली नोकरी : उमेदवार, मुख्याध्यापक आणि पालकांसाठी

शिक्षक भरतीची जाहिरात निघाली, पालिकेने शिपाई-हमालाच्या जागा काढल्या किंवा एखाद्या शाळेला मदतनीस मावशी हव्या असल्या, की चेंबूरमध्ये तेच प्रश्न पुन्हा कानावर येतात. ‘कॉलेजात असताना मारामारीची केस झाली होती, निर्दोष सुटलो, फॉर्ममध्ये लिहायचे का?’ ‘शेजाऱ्यांनी एनसी केली आहे, पोलिसांचा दाखला मिळेल का?’ ‘दंड भरून मोकळा झालो, तेही धरतात का?’ दुसऱ्या बाजूने पालक विचारतात, ‘शाळेत रोज नवा सफाई कामगार दिसतो. त्याची चौकशी झाली आहे की नाही, कोणाला विचारायचे?’

थोडक्यात उत्तर असे. पोलिसांकडे नाव आहे म्हणून शाळेची नोकरी आपोआप जात नाही. पण ते नाव लपवले तर बहुतेक वेळा जाते. उलट बाजूने, मुलांवरील अत्याचाराच्या किंवा लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला मुलांच्या आसपासचे कोणतेही काम देऊ नये. तेथे दयामाया दाखवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी पाहा, नेमणूक नक्की कोण करणार

नियम आणि दाद मागण्याची जागा यावर ठरते.

- महापालिकेची शाळा. मुंबई पब्लिक स्कूल हे नाव लागलेल्या शाळाही यातच येतात. अझीझ बागेतली सीबीएसईची शाळा याच प्रकारची. नेमणूक पालिका करते आणि तिचे सेवानियम लागू होतात.
- खासगी शाळा, अनुदानित वा विनाअनुदानित. येथे १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू होते. शिक्षक या अधिनियमाला ‘मेप्स’ म्हणतात. अनुदानित शाळांतील शिक्षकांची भरती पवित्र पोर्टलवरून होते. या भागातल्या शाळांसाठी शिक्षण निरीक्षकांचे उत्तर विभागाचे कार्यालय चेंबूरमध्येच आहे.
- ठेकेदार किंवा स्वयंसेवी संस्थेमार्फत काम. सफाई, सुरक्षारक्षक, बसवरच्या ताई, बालवाडीच्या मदतनीस. पगार ठेकेदार देतो, पण माणूस दिवसभर शाळेच्या आवारात मुलांमध्ये असतो.

तिसऱ्या प्रकारात सर्वांत मोठी फट आहे, त्याकडे पुढे येतो.

तुमच्या नावावर नक्की काय आहे

घाटल्यापासून वाशी नाक्यापर्यंत सगळीकडे सरसकट ‘केस आहे’ एवढेच म्हटले जाते. फॉर्म भरण्याआधी ती केस कोणत्या प्रकारची आहे ते शोधा.

- एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. नुसत्या एनसीने अटक झाली किंवा खटला चालला असे होत नाही.
- चॅप्टर केस. ही प्रतिबंधक कारवाई आहे. सहायक पोलीस आयुक्तांसमोर उभे करून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेतात. गुन्हा सिद्ध झाला असा त्याचा अर्थ होत नाही. पण ‘कधी बंधपत्र घेतले गेले आहे का’ असा प्रश्न फॉर्ममध्ये असतो, तेथे हे लिहावे लागते.
- एफआयआर आणि आरोपपत्र. एफआयआर झाला पण आरोपपत्र गेले नाही, तर पोलिसांनी समरी पाठवली का ते पाहा. तक्रार खोटी निघाली तर ‘बी समरी’, गैरसमजातून झाली असेल तर ‘सी समरी’. ती न्यायालयाने मंजूर केल्याचा आदेश तुमच्याजवळ हवा; पोलीस ठाण्यातल्या हवालदारांचा तोंडी निरोप कामाचा नाही.
- निर्दोष सुटका. निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद नीट वाचा. पुरावाच नाही म्हणून सुटका झाली, की साक्षीदार उलटल्यामुळे संशयाचा फायदा मिळाला, यात नोकरीच्या दृष्टीने बराच फरक पडतो.
- दंड भरून सुटका. अनेकांची फसगत येथे होते. रस्त्यावरच्या बाचाबाचीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ११२-११७ खाली केस होते. कोर्टाच्या व्हरांड्यात कोणीतरी सल्ला देतो, ‘कबूल करा, दंड भरा, घरी जा.’ कबुली देऊन दंड भरला की कायद्याच्या भाषेत तुम्ही दोषी ठरता. नोंद किरकोळ असते, पण दोषसिद्धीच असते. शाळेत किंवा सरकारी नोकरीत जायचे मनात असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय कबुली देऊ नका.

करोनाच्या साथीत भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली अनेक तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. ते मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये घेतला. पण सरकारने निर्णय घेतला म्हणून तुमचा खटला संपला असे धरून चालू नका. खटला मागे घ्यायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि तसा आदेश झाला की तो संपतो. आंदोलनातल्या गुन्ह्यांचेही तसेच.

चेंबूर, गोवंडी, देवनार या ठाण्यांचे खटले कुर्ला न्यायालयात चालतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येते. मात्र नावाचे स्पेलिंग वेगळे पडले तर काही सापडत नाही, तेव्हा गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष घेऊन शोधा. खटला सापडला की निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करा आणि शेवटच्या काही तारखांचा रोजनामाही मागून घ्या. जुने कागद रेकॉर्डमधून निघायला वेळ लागतो, म्हणून हे काम जाहिरात येण्याची वाट न पाहता उरकून टाका.

फॉर्ममध्ये काय लिहायचे

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून घेतात. त्यात एकामागून एक प्रश्न असतात : कधी अटक झाली का, खटला भरला गेला का, स्थानबद्ध केले का, बंधपत्र घेतले का, दंड झाला का, दोषी ठरवले का, आज एखादे प्रकरण प्रलंबित आहे का. बहुतेक जण शेवटचा प्रश्न वाचतात आणि सगळ्यांसमोर ‘नाही’ लिहितात. ‘निर्दोष सुटलो ना, मग नाहीच की’ हा त्यामागचा विचार. पण ‘अटक झाली होती का’ या प्रश्नाचे उत्तर निर्दोष सुटल्याने बदलत नाही.

प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र उत्तर द्या. जागा अपुरी असेल तर ‘सोबत पुरवणी जोडली आहे’ असे लिहा आणि पुरवणीत एवढाच मजकूर द्या :

‘गुन्हा रजिस्टर क्र. …/वर्ष …, पोलीस ठाणे …, कलमे …. अटक दिनांक …, जामीन दिनांक …. न्यायालय …, खटला क्र. …. निकाल दिनांक …, निर्दोष मुक्तता. निकालाची प्रमाणित प्रत जोडली आहे.’

‘मला खोट्या केसमध्ये गोवले’, ‘राजकीय सूडातून झाले’ असली वाक्ये पुरवणीत नकोत. तुमची बाजू मांडायची संधी मागाहून मिळेल.

काही खास परिस्थिती :

- गुन्हा अठरा वर्षांच्या आतला असेल. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम २४ सांगते की बाल न्याय मंडळासमोर दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि त्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षांवरील मुलावर गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला, तर मात्र हे संरक्षण नाही. फॉर्ममध्ये याबाबत प्रश्न असेल तर उत्तर लिहिण्यापूर्वी वकिलाला दाखवा.
- प्रोबेशनवर सुटका झाली असेल. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते. पण दोषसिद्धी पुसली जात नाही. विचारले असेल तर लिहा.
- फॉर्म भरल्यानंतर गुन्हा नोंदला गेला तर. नेमणूक करणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.
- टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, घोटाळ्यात नाव असेल तर. २०१९ च्या परीक्षेतील गैरप्रकारात महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. आपले नाव त्या यादीत नाही याची खात्री भरतीचा अर्ज करण्यापूर्वी करून घ्या.

न्यायालय कशाकडे पाहते

याबाबतचा पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा, अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, २१ जुलै २०१६. तुमच्या उपयोगाचे त्यातले मुद्दे असे :

१. माहिती खरी द्यावी. खोटी दिली तर नेमणूक रद्द होऊ शकते. मात्र तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखा किंवा तसाच किरकोळ गुन्हा लपवला गेला असेल, तर मालकाला ते माफ करता येते.

२. खरे सांगितले तरी नोकरी द्यायलाच हवी असे नाही. पण गुन्ह्याचे स्वरूप, पद आणि परिस्थिती पाहून मालकाने विचारपूर्वक निर्णय घ्यायला हवा.

३. किरकोळ खटला प्रलंबित आहे आणि उमेदवाराने तो प्रामाणिकपणे सांगितला, तर नेमणूक देता येते. अनेक प्रलंबित खटले मुद्दाम लपवले तर ते गंभीर मानले जाते.

४. जे विचारलेच नाही ते लिहिले नाही, म्हणून ‘माहिती लपवली’ असा ठपका ठेवता येत नाही. प्रश्नही मोघम चालत नाही, नेमका असावा लागतो.

५. नोकरीत कायम झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणाने काढायचे असेल, तर आधी खात्यांतर्गत चौकशी व्हायला हवी.

पाचवा मुद्दा शिक्षण सेवकांनी विशेष लक्षात ठेवावा. पहिली तीन वर्षे तुम्ही कायम नसता, त्यामुळे त्या काळात पुढे आलेली लपवाछपवी जास्त महागात पडते.

न्यायालय कधी कधी उदार होते. उत्तर प्रदेशातल्या पोलीस शिपाई पदाच्या एका उमेदवाराला, तो खटल्यातून निर्दोष सुटलेला असल्याने आणि एकूण परिस्थिती पाहून, सर्वोच्च न्यायालयाने माहिती न दिल्याचा ठपका दूर करून नेमणूक द्यायला सांगितले. भरती २००४ ची होती, निकाल २०२४ मध्ये लागला. वीस वर्षे वाट पाहायची तयारी नसेल तर त्या उदारपणावर विसंबू नका.

पडताळणी कशी होते

पालिकेच्या नेमणुकीत तुमचा साक्षांकन नमुना नेमणूक करणारे कार्यालयच पोलिसांकडे पाठवते. खासगी शाळा किंवा ठेकेदार बहुधा तुम्हालाच दाखला आणायला सांगतात. तो महाराष्ट्र पोलिसांच्या पीसीएस संकेतस्थळावर अर्ज करून मिळतो. स्थानिक ठाण्यातून बोलावणे येते, पत्त्याची खातरजमा होते.

- गेल्या काही वर्षांत जेथे जेथे राहिलात ते सगळे पत्ते द्या. भाड्याची खोली बदललेली असते, आधार कार्डावर गावचा पत्ता असतो. ‘पत्त्यावर आढळून आला नाही’ असा शेरा पडला की फाइल अडकते.
- दाखल्यात चूक असेल, म्हणजे तुमच्या नावाच्या दुसऱ्याच माणसाचा गुन्हा तुमच्या माथी आला असेल, तर ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक आणि परिमंडळ ६ च्या पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज द्या. पोच घ्या.
- दाखला ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. बनावट दाखला हा नवा गुन्हा ठरतो, आणि त्याची नोंद मात्र किरकोळ नसते.

नकार आला तर

कारण लेखी मागा. ‘चारित्र्य पडताळणी प्रतिकूल’ एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. कोणता गुन्हा, कोणता नियम, हे विचारा. माहिती अधिकारात स्वतःच्या फाइलवरचे शेरे मागता येतात. मग :

- महापालिकेने नाकारले तर आधी त्याच खात्याकडे फेरविचाराचा अर्ज, आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका. ‘मॅट’मध्ये जाऊ नका, ते न्यायाधिकरण राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे.
- खासगी शाळेने नोकरीवरून काढले तर मेप्सच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील. मुदत आदेश मिळाल्यापासून अवघी ३० दिवसांची आहे. संस्थाचालक ‘बघू, मिटवू’ म्हणत महिना घालवतात, तोवर मुदत निघून जाते. बोलणी चालू राहू द्या, पण अपील दाखल करा.
- खासगी शाळेने नेमलेच नाही तर हे अपील मिळत नाही, कारण ते कर्मचाऱ्यांसाठी आहे.
- ठेकेदाराने काढले तर त्याच्याकडून थकलेला पगार आणि भविष्य निर्वाह निधीचा हिशेब लेखी मागा.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांनो

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाले. आरोपी ठेकेदारामार्फत आलेला सफाई कामगार होता आणि शाळेत रुजू होऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने सुरक्षारक्षक, सफाई कामगार, मदतनीस, बसचालक अशा सगळ्यांची चारित्र्य पडताळणी आणि त्यांची छायाचित्रासह माहिती स्थानिक पोलिसांना देणे आवश्यक केले. लहान मुलांसाठी शक्यतो महिला कर्मचारी नेमावेत असेही सांगितले. खरे तर हे बंधन त्याआधीपासून होते. पोक्सोच्या २०२० च्या नियमावलीतला नियम ३ सांगतो की मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक संस्थेने शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, प्रत्येकाची पोलीस पडताळणी करावी आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करावी.

आपल्याकडे डी.एड., टीईटी, टेट अशा पायऱ्या चढून आलेल्या शिक्षकाची फाइल जाडजूड असते. जी व्यक्ती बालवाडीच्या मुलाला स्वच्छतागृहात नेते, तिची फाइल कित्येकदा नसतेच. ठेकेदाराचा नेहमीचा माणूस आजारी पडला, की सकाळी फाटकावर ‘बदली’ येतो. रजिस्टरमध्ये त्याचे पहिले नाव आणि ठेकेदाराचा मोबाइल नंबर, एवढ्यावर तो आत जातो. हे थांबवणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे :

- ठेक्याच्या करारातच लिहा की पडताळणी न झालेला माणूस, एका दिवसासाठी बदली म्हणूनही, आत येणार नाही. बदलीसाठी दोन-तीन जणांची पडताळणी आधीच करून ठेवायला ठेकेदाराला सांगा.
- ‘आम्ही चेक केले आहे’ हे ठेकेदाराचे पत्र पुरेसे मानू नका. मूळ दाखला पाहा, तारीख पाहा.
- परगावचा माणूस असेल तर त्याच्या गावच्या ठाण्याकडूनही माहिती मागवा. चेंबूरमध्ये सहा महिने राहिलेल्या माणसाबद्दल चेंबूर पोलिसांना कितीशी माहिती असणार?
- आधीच्या शाळेला फोन करून नोकरी का सोडली ते विचारा. दाखल्यावर फक्त पोलिसांपर्यंत गेलेली प्रकरणे येतात. गुपचूप राजीनामा घेऊन मिटवलेली येत नाहीत.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलीस यंत्रणेला पाहता येते. इंग्लंडमध्ये २००२ च्या सोहॅम हत्याकांडानंतर कायदा बदलला आणि आज तेथे शाळांना सरकारी यंत्रणेकडून उमेदवारावर मुलांसोबत काम करण्याची बंदी आहे का हे थेट तपासता येते. आपल्या शाळांना अशी सोय नाही, म्हणून पोलीस पडताळणी हाच तुमच्यासमोरचा मार्ग आहे.

दाखल्यावर नोंद दिसली तर काय करावे? उमेदवाराला बोलवा, कागद मागा, आणि गुन्हा कोणता, किती जुना, त्याचा मुलांशी किंवा या कामाशी संबंध आहे का, तेव्हापासून वागणूक कशी आहे, हे लिहून निर्णय घ्या. दहा वर्षांपूर्वीच्या नळावरच्या भांडणाची चॅप्टर केस असलेल्या बाईंना मदतनीसाचे काम नाकारणे अन्यायाचे आहे. पोक्सोचा खटला चालू असलेल्या माणसाला ‘अजून सिद्ध कुठे झाले’ म्हणून वर्गाजवळ ठेवणे धोक्याचे आहे. सेवेत असलेल्या माणसाबद्दल तक्रार आली तर ती शाळेतच मिटवू नका. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला पोक्सोच्या कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पालकांनी काय विचारावे

शिक्षण हक्क कायद्यानुसार पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. समितीच्या बैठकीत दोनच आकडे मागा : शाळेत येणारे एकूण कर्मचारी किती, ठेकेदाराचे धरून, आणि त्यांपैकी पडताळणी पूर्ण झालेले किती. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. बसबाबत हाच प्रश्न शालेय परिवहन समितीला विचारा. माहिती अधिकारातही हे आकडे मागता येतात. अमुक माणसावर कोणता गुन्हा आहे, हे मात्र मागू नका. ती वैयक्तिक माहिती तुम्हाला मिळणार नाही. अशी माहिती कानावर आली तरी ती पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. शंका असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. मुलाने काही सांगितले असेल तर थेट पोलीस ठाण्यात जा किंवा १०९८ वर फोन करा.

उमेदवारांना एक विनंती. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली आणि निकालाची नक्कल अजून मिळाली नसेल, तर रकाना ‘नाही’ने भरू नका. ‘होय, खटला क्रमांक …, नकलेसाठी अर्ज केला आहे’ असे लिहा आणि अर्जाची पावती जोडा.